मुंबईतलं भाषण आणि गावातला हिशोब

(संगमनेर येथील जिल्हा बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



शेवगाव-पाथर्डीकडची कापूसवाली मंडळी आज इथं आली आहेत. जामखेड-कर्जतकडची ज्वारीवाली आली आहेत. आणि संगमनेरच्या पठार भागातली मंडळी आहेत, ज्यांना प्रवरेचं पाणी दिसतं ते फक्त संगमनेरला बाजाराला आल्यावर. तुमच्यापुढं आज आम्ही भावाचा ठराव मांडणार नाही, की मोर्च्याची तारीख सांगणार नाही. आज बोलायचं आहे ते भाषणांबद्दल. राजधानीत बसून देशाच्या पैशाअडक्यावर जी भाषणं होतात, त्यांच्याबद्दल.

तुम्ही म्हणाल, भाषणावर भाषण? रानातली कामं सोडून आम्ही यासाठी आलो काय? पण आधी झालेली एक गोष्ट ऐका, मग काय ते ठरवा.

मध्यंतरी केंद्राचं बजेट झालं आणि त्यानंतर दोन-तीन दिवसांनी आमच्यापैकी चौघं मुंबईला गेलो होतो. काम दुसरंच होतं. संध्याकाळी वेळ होता, म्हणून एका सभागृहात बजेटवरचं भाषण ऐकायला जाऊन बसलो. सभागृह भरलेलं. वक्ते अभ्यासू होते, त्यात शंका नाही. सव्वा तास बोलले. प्राप्तिकर, शेअरवरचा कर, सरकारची तूट, व्याजाचा दर. शेजारचा माणूस वहीत टिपून घेत होता. शेवटी प्रश्न चिठ्ठीवर लिहून मागितले. आम्हीही एक चिठ्ठी दिली, 'कापसाच्या आयातीवरच्या कराचं काय?' अध्यक्षांनी ती वाचली, खाली ठेवली आणि म्हणाले, हा आजचा विषय नाही.

आम्हाला राग आला. तो यायचाच. पण खरी गोष्ट पुढं आहे. बाहेर पडताना तो वहीवाला तरुण आमच्याजवळ आला. चांगल्या मनाचा पोरगा. त्यानं विचारलं, 'काका, तुम्हाला एक क्विंटल कापूस पिकवायला खर्च किती येतो?' आम्ही चौघं होतो. चौघांनी चार आकडे सांगितले. सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त आकड्यात दुपटीचं अंतर. पोरगा काही बोलला नाही. त्यानं वही मिटली.

त्या रात्री एसटीत आम्ही अध्यक्षांना शिव्या घालत आलो. पण नारायणगाव मागं पडल्यावर सगळे गप्प झाले. कारण अध्यक्षांनी आमची चिठ्ठी खाली ठेवली ती एक चूक असेल, पण त्या पोरानं वही मिटली यात त्याची चूक काहीच नव्हती.

आजचं बोलणं त्या मिटलेल्या वहीबद्दल आहे.

एका वकिलाचं मैदान

मुंबईला बजेटवर भाषण ऐकण्याची सवय एका माणसानं लावली. नानी पालखीवाला. १९२० साली मुंबईत जन्मलेले, करकायद्याचे मोठे वकील. १९५८ साली त्यांनी बजेटवर पहिलं जाहीर भाषण केलं, ते ग्रीन्स हॉटेल नावाच्या एका हॉटेलच्या लहानशा हॉलमध्ये. फोरम ऑफ फ्री एंटरप्राइज नावाची संस्था अर्थतज्ज्ञ ए. डी. श्रॉफ यांनी १९५६ साली काढली होती, त्या संस्थेतर्फे ही भाषणं व्हायची. पुढं हॉल पुरेना. मग मोठी जागा, मग आणखी मोठी, आणि शेवटी ब्रेबॉर्न स्टेडियम, म्हणजे क्रिकेटचं मैदान. तिथं लाखाच्या घरात माणसं यायची असं सांगतात. १९९४ पर्यंत हे चाललं. सिनेमा नाही, नट नाही, तमाशा नाही. हातात कागद न धरता एक माणूस आकडे सांगतोय आणि हजारो माणसं मैदानात बसून ऐकताहेत.

त्यांचे विचार आपल्याला पटोत न पटोत, तो आजचा मुद्दा नाही. त्यांची रीत बघा. अर्थमंत्री लोकसभेत जे भाषण करतो त्यात गोड गोड असतं. खरं काय आहे ते बजेटसोबतच्या वित्त विधेयकाच्या बारीक अक्षरात असतं. पालखीवाला ती बारीक अक्षरं वाचायचे आणि साध्या माणसाला कळेल अशा शब्दांत सांगायचे, की तुझ्या खिशातून किती जाणार. ऐकणाऱ्याला आपला आकडा पाठ असायचा. पगार किती, कर किती, उरलं किती. ज्याला स्वतःचा आकडा माहीत आहे, त्यालाच दुसऱ्याचं भाषण कळतं.

आणि त्यांची तक्रार खोटी होती असंही नाही. १९७३-७४ साली आपल्या देशात वरच्या पायरीवर प्राप्तिकराचा दर अधिभार धरून ९७.७५ टक्के होता. म्हणजे वरच्या शंभर रुपयांतले पावणे अठ्ठ्याण्णव सरकारला आणि सव्वादोन घरी. हे वेडेपण होतं, आणि हे वेडेपण आहे असं लोक वर्षानुवर्षं मैदानात बसून ऐकत आणि म्हणत राहिले. १९९७ च्या बजेटात तो वरचा दर ३० टक्क्यांवर आला. एका माणसाच्या भाषणानं आला असं कोणी म्हणू नये. पण ज्यांचा कर होता ते हिशोब मांडून बोलत होते, आणि दिल्लीला ते ऐकू येत होतं, एवढं नक्की.

आता प्रश्न असा, की आपला कर कोणता? आणि त्याचा हिशोब कुठल्या मैदानात होतो?

न लिहिलेला कर

आपल्याला कोणीही सांगतो, शेतकऱ्याला कुठं कर आहे? शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही. खरं आहे. बजेटच्या पुस्तकात आपला कर लिहिलेला नाही. तो दुसरीकडं लिहिलेला असतो.

कापसाचं बघा. ५ मार्च २०१२ ला केंद्र सरकारनं कापसाची निर्यात बंद केली. एका अधिसूचनेनं, एका कागदानं. त्या वर्षीचं बजेट १६ मार्चला होतं. बजेटात नव्हे, बजेटच्या आधी अकरा दिवस आपल्या कापसाचा निकाल लागला. ओरड झाली, आठवड्याभरात बंदी मागं घेतली. पण ज्याला त्याच आठवड्यात देणेकऱ्याला तोंड द्यायचं होतं आणि ज्यानं मिळेल त्या भावानं गाडी खाली केली, त्याला कोणी भरपाई दिली?

पुढं चला. १ फेब्रुवारी २०२१ च्या बजेटात बाहेरून येणाऱ्या कापसावर कर बसवला, सेस-बीस सगळं धरून ११ टक्के. हे भाषणात आलं, पेपरात आलं. १४ एप्रिल २०२२ ला तो उठवला आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरअखेरपर्यंत तसाच ठेवला. तेव्हा भाषण नव्हतं. २०२५ साली पुन्हा तेच. १९ ऑगस्टपासून कर माफ, आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग दहा दिवसांच्या आत मुदत वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. आता आपल्या रानातल्या तारखा बघा. ऑगस्टला झाडावर पाते-फुलं आणि कोवळी बोंडं. दसरा-दिवाळीला वेचणी. म्हणजे नेमका ज्या महिन्यांत आपला कापूस घराबाहेर पडतो, त्या महिन्यांत बंदराचा दरवाजा सताड उघडा.

याचा अर्थ साध्या हिशोबानं सांगतो. परदेशातला शंभर रुपयांचा कापूस बंदरात उतरला, तर कर असताना गिरणीवाल्याला तो १११ ला पडतो. कर उठला की शंभरला. मग तो तुमच्या दारात १११ चा विचार करून कशाला बोली लावील? भाव बरोबर अकरानंच पडतो असं आम्ही म्हणत नाही. जगाच्या बाजारात काय चाललंय, सरकीला काय भाव आहे, गिरण्यांना सूत विकायला कुठं जागा आहे, यावरही तो ठरतो. गिरणीवाल्याच्याही अडचणी असतील. २०२५ च्या ऑगस्टात अमेरिकेनं आपल्या मालावर जबर कर बसवला होता हेही खरं. पण अडचण गिरणीची आणि सवलत शेतकऱ्याच्या खिशातून, हा न्याय कुठला? यालाच आम्ही न लिहिलेला कर म्हणतो.

जुन्या मंडळींना कापूस एकाधिकार खरेदी योजना आठवत असेल. १९७१ चा कायदा, १९७२-७३ पासून खरेदी. कापूस विकायचा तर सरकारलाच. सीमेपलीकडं भाव जास्त असला तरी गाडी अडवायची. योजनेनं काही वर्षं आधार दिला, काही वर्षं चुकाऱ्यासाठी रडवलं. तिचा ताळेबंद मुंबईत मंत्रालयात मांडला गेला. गावात तो कोणी वाचून दाखवला?

ज्वारीचं तर बोलूच नये. दुष्काळाच्या वर्षांत ज्वारीवर लेव्ही होती. ठरवलेल्या भावानं सरकारला घाला, मग उरली तर विका. नंतर स्वस्त गहू-तांदूळ रेशनवर आले. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ तीन रुपये, गहू दोन रुपये आणि भरड धान्य एक रुपया किलो असे दर लिहिले. २०२३ च्या जानेवारीपासून ते धान्य मोफत झालं. गरिबाच्या पोटात दोन घास जातात याचं आपल्याला दुःख नाही. आपल्यातल्याच अनेकांच्या घरी ते धान्य येतं. पण ज्वारी पिकवणाऱ्याची टक्कर बाजारात फुकटच्या गव्हाशी आहे, हे कोणत्या भाषणात सांगितलं गेलं? त्याच २०२३ साली, १ फेब्रुवारीच्या बजेट भाषणात ज्वारी-बाजरीला 'श्री अन्न' असं नाव मिळालं. जगानं ते वर्ष भरडधान्याचं म्हणून साजरं केलं. नाव चांगलं आहे. पण नावानं कणगी भरत नाही.

आणि आमचं म्हणणं हे नुसतं रडगाणं नाही. ओईसीडी ही बहुतेक श्रीमंत देशांची संघटना आणि दिल्लीची इक्रिअर ही संस्था, या दोघांनी मिळून २०१८ साली भारताच्या शेतीधोरणाचा हिशोब प्रसिद्ध केला. खत, वीज, पाणी यांची सवलत जमेला धरली. निर्यातबंदी आणि बाकी बंधनांमुळं भावात जे गेलं ते वजा केलं. २००० ते २०१६ या काळाची सरासरी निघाली उणे १४ टक्के. म्हणजे देऊन-घेऊन, शेतीतून आलेल्या शंभर रुपयांच्या उत्पन्नामागं १४ रुपये शेतकऱ्याकडून गेले. वरच्या पायरीच्या श्रीमंताचा पावणे अठ्ठ्याण्णव टक्के कर सगळ्या मैदानाला पाठ होता. आपला हा १४ चा आकडा या मंडपातल्या किती जणांनी आजपूर्वी ऐकला होता? हात वर करा. बघा, किती हात आले.

एका शब्दाची किंमत

बारीक अक्षरं का वाचायची, त्याचा एक दाखला देतो. १ फेब्रुवारी २०१८ च्या बजेट भाषणात अर्थमंत्र्यांनी सांगितलं, की हमीभाव उत्पादनखर्चाच्या दीडपट देणार. टाळ्या झाल्या. आपणही वाजवल्या.

पण खर्च म्हणजे काय? सरकारच्या हिशोबात खर्चाचे प्रकार आहेत. एक, बियाणं, खत, औषध, मजुरी असा प्रत्यक्ष केलेला खर्च आणि त्यात घरच्या माणसांच्या कष्टाची मजुरी. त्याला ते 'ए-दोन अधिक एफएल' म्हणतात. दुसरा, यात स्वतःच्या जमिनीचं भाडं आणि स्वतःच्या गुंतवलेल्या पैशाचं व्याज मिळवलेला. त्याला 'सी-दोन' म्हणतात. दुसरा आकडा मोठा असतो. शेतकरी मागत होते तो दुसऱ्याचा दीडपट. सरकारनं धरला तो पहिल्याचा दीडपट. भाषणात शब्द एकच, 'खर्च'. फरक शेकडो रुपयांचा, क्विंटलमागं.

२०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाला ८११० रुपये आणि मध्यम धाग्याला ७७१० रुपये हमीभाव जाहीर झाला. मालदांडी ज्वारीला ३७४९ आणि संकरित ज्वारीला ३६९९. हे आकडे लिहून घ्या. मग आपल्या बाजार समितीतली पट्टी काढा आणि शेजारी ठेवा. हमाली, तोलाई वजा जाता हातात काय पडलं ते बघा. दोन्हीतल्या अंतराचं नाव बजेटात कुठं सापडतंय का तेही बघा.

पूर्वी हे कोणी केलं होतं

आपल्या लोकांना हे नवं नाही. आपण विसरलो आहोत.

१८७६ साली दादाभाई नौरोजींनी मुंबईत हिंदुस्थानच्या दारिद्र्यावर निबंध वाचला. त्यांनी सरकारचेच पिकांचे आकडे घेतले आणि दाखवलं, की माणशी वर्षाचं उत्पन्न वीस रुपये पडतं. तुरुंगातल्या कैद्याला जगवायला सरकारला यापेक्षा जास्त खर्च येत होता. साहेबाला उत्तर देता येईना, कारण आकडे त्याच्याच दप्तरातले होते.

१८८३ साली जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. छापायच्या आधी त्यांनी तो ठिकठिकाणी वाचून दाखवला. मुंबईत, पुण्यात आणि इथून घाटापलीकडं असलेल्या जुन्नर-ओतूरलासुद्धा. म्हणजे ज्यांच्याबद्दल लिहिलं, त्यांना आधी ऐकवलं. पुढं १८८८ साली पुण्यात राणीच्या मुलाच्या, ड्यूक ऑफ कनॉटच्या सन्मानाच्या समारंभाला फुले शेतकऱ्याच्या वेशात गेले आणि भर सभेत सांगितलं, की इथं जमलेले दागिनेवाले म्हणजे खरा हिंदुस्थान नव्हे.

२६ मार्च १९०२ ला गोपाळ कृष्ण गोखले कलकत्त्याच्या कौन्सिलात बजेटवर बोलले. तेव्हा देशाची राजधानी कलकत्ता. सरकार खूश होतं, कारण तिजोरीत शिल्लक पडली होती. गोखले म्हणाले, शिल्लक पडली ती देश सुखी झाला म्हणून नव्हे. दुष्काळात होरपळलेल्या रयतेकडून गरजेपेक्षा जास्त घेतलं म्हणून. आणि त्यांनी बोट ठेवलं मिठावरच्या करावर. मणाला अडीच रुपये होता. गरिबाच्या भाकरीबरोबरचं मीठ. १९०३ साली तो दोन रुपये झाला, १९०५ साली दीड, १९०७ साली एक. एका भाषणानं सरकार हलत नाही. पण नेमक्या आकड्यावर वर्षानुवर्षं बोट ठेवलं की हलतं.

१० जानेवारी १९३८ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली कोकणातले हजारो शेतकरी मुंबईच्या कौन्सिल हॉलवर गेले. खोती बंद करा म्हणून. बाबासाहेबांनी १९३७ साली त्याचं बिलही मांडलं होतं. आत बिल, बाहेर माणसं. कायदा व्हायला १९४९ साल उजाडलं, पण झाला. आणि २०१८ च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईला पायी गेलेला मोर्चा तर आपण सगळ्यांनी पाहिला. दहावीच्या पोरांच्या परीक्षेत अडथळा नको म्हणून ती माणसं फोड आलेल्या पायांनी रात्रीच चालून आझाद मैदानात गेली. मुंबईनं त्यांना पाणी दिलं, चपला दिल्या. मुंबई वाईट नाही, भावांनो. तिला आपला हिशोब कोणी नीट सांगितलेला नाही.

याच जिल्ह्यातला उलटा दाखलाही आहे. राजधानीत जायचं सोडून अर्थशास्त्रज्ञच गावात आला तर काय होतं? धनंजयराव गाडगीळ पुण्याच्या गोखले संस्थेचे संचालक. ते लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांसोबत येऊन बसले. शेतकऱ्यांचं म्हणणं ऐकलं, आपलं शास्त्र सांगितलं, आणि १९५० साली प्रवरेचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. पहिले अध्यक्ष स्वतः गाडगीळ. आता तुम्ही म्हणाल, तो ऊसवाल्यांचा फायदा, कोरडवाहूचं काय? बरोबर आहे. म्हणून कोरडवाहूचा दाखलाही ऐका. १९७२ चा दुष्काळ पडला. खडी फोडायला लाखो माणसं गेली, त्यात आपल्या आया होत्या. वि. स. पाग्यांनी मांडलेली रोजगार हमी योजना तेव्हा उभी राहिली. १९७७ साली विधिमंडळात कायदा झाला. आणि तिच्यासाठी पैसा कुठून? १९७५ साली नोकरदार आणि धंदेवाल्यांवर व्यवसाय कर बसवला. शहरानं गावासाठी कर भरला, आणि तो कर सरळ कागदावर लिहिलेला होता. २००५ साली सगळ्या देशानं तसाच कायदा केला. म्हणजे राजधानीतून कोरडवाहूसाठी काहीच येत नाही असं नाही. हिशोब स्पष्ट असला की येतं.

हिशोबाचा पाठपुरावा नसला की काय होतं, ते संगमनेरकरांना सांगायला नको. निळवंडे धरणाची कल्पना १९७० सालची. कालव्यात चाचणीचं पाणी सुटलं ३१ मे २०२३ ला. त्रेपन्न वर्षं. सुरुवातीला काही कोटींत होणारं काम ५१७७ कोटींवर गेलं. या त्रेपन्न वर्षांत मुंबईत किती बजेटं वाचली गेली? दरवर्षी कुठल्या तरी पानावर निळवंड्याचा आकडा होता. तो आकडा दरवर्षी चावडीवर मोठ्यानं वाचला गेला असता, तर पाणी दहा-वीस वर्षं आधी आलं असतं की नाही, तुम्हीच सांगा. ज्या म्हाताऱ्यांनी तरुणपणी कालव्याची आखणी पाहिली, त्यातले किती पाणी बघायला उरले?

आता आपल्या चुका

दुसऱ्याला नावं ठेवून झाली. आता स्वतःकडं बघू.

पहिली चूक. आपण सभेला येतो ते पुढारी बघायला. हार, फेटे, सत्कार यात तास जातो. आकड्याची गोष्ट निघाली की तंबाखू मळायला बाहेर जातो.

दुसरी चूक. आपण जे जातं तेच सांगतो, येतं ते सांगत नाही. २०१९ पासून पीएम किसानचे वर्षाला सहा हजार अनेकांच्या खात्यात आले. खताच्या पोत्यावर सवलत असते. पीकविमा कधी मिळतो, कधी नाही. हे सगळं जमेला लिहायला पाहिजे. एका बाजूचीच वही कोणी खरी मानत नाही, आणि मानू पण नये.

तिसरी चूक सर्वांत मोठी. आपल्या खर्चात घरच्या बाईची मजुरी नसते. खुरपणी तिची, वेचणी तिची, ज्वारीची काढणी तिची, कडब्याच्या पेंढ्या बांधणं तिचं. त्या दिवशी मुंबईत आम्ही चौघांनी चार आकडे सांगितले, त्यातल्या एकानंही ते दिवस धरले नव्हते. सरकारसुद्धा घरची मजुरी धरतं, आणि आपण धरत नाही! आमच्यातल्या एकानं घरी जाऊन मालकिणीला विचारलं, तेव्हा तिनं बोटांवर मोजून वेचणीचे दिवस सांगितले. सगळे. तारखांसकट. वही घरातच होती, विचारणारा नव्हता.

काय करायचं

म्हणून आम्ही या बैठकीपुढं एक साधी सूचना ठेवतो.

आपल्यातल्या प्रत्येक गावातून पाच घरं घ्या. एखादं कापसाचं, एखादं ज्वारीचं, एखादं बाजरीचं, आणि एक घर मजुरीवर जगणारं असलंच पाहिजे, कारण ज्वारी महाग झाली की त्याच्या चुलीवर परिणाम होतो आणि तेही आपल्याला कळलं पाहिजे. प्रत्येक घराला एक वही. वहीत चार रकाने. घरातून काय गेलं, घरातल्या माणसांचे किती दिवस गेले, माल विकून हातात काय आलं, सरकारकडून काय आलं. दिवसांचा रकाना घरातल्या बाईनं सांगायचा. ज्याला लिहिता येत नाही त्याचं शाळेतलं पोर लिहील.

आणि पाचवं पान वेगळं. त्यावर वर्षभरात दिल्ली-मुंबईहून निघालेला जो कागद आपल्या पिकावर आला, त्याची तारीख. निर्यात बंद, आयात खुली, साठ्यावर मर्यादा, हमीभाव. आणि त्या तारखेच्या आधीचा व नंतरचा आपल्या बाजार समितीतला भाव. एवढं एक पान पाच वर्षं नीट ठेवलं, तर न लिहिलेला कर लिहिलेला होईल.

२०१७ पासून केंद्राचं बजेट १ फेब्रुवारीला वाचलं जातं. राज्याचं साधारण मार्चमध्ये. राज्याचं बजेट झालं की येणाऱ्या पहिल्या आठवडे बाजाराला, इथं संगमनेरला, आपलं बजेटचं भाषण ठेवू. वेळ दोन तास. पहिल्या तासात गावागावच्या वह्यांची बेरीज वाचायची. ज्यांनी दिवस मोजले त्या बायांपैकी दोघींनी ती वाचायची. दुसरा तास फक्त प्रश्नांना. हार नाही, फेटा नाही. आमदार-मंत्री आले तर आनंद आहे, पण त्यांनी ऐकायला खाली बसायचं. २०२३ च्या एप्रिलमध्ये अकोल्याहून लोणीकडं पायी निघालेल्या मोर्च्याला भेटायला मंत्री याच भागात आले होते. म्हणजे गरज पडली की राजधानी गावात येते. ती आली तेव्हा आपल्या हातात वही असली पाहिजे, इतकंच.

आणि ज्यांना शहरातली पोरं आहेत, पुण्या-मुंबईत नोकरीला, त्यांनी त्यांना बोलवा. बजेटची पुस्तकं आता कोणालाही बघता येतात. बारीक अक्षरं वाचायला आपल्याला तेच शिकवतील. शहरातल्या हॉलमध्ये बसून टिपण घेणारा तो पोरगा कुणाच्या तरी गावचा असेलच.

एक शंका कोणी तरी काढील, की वह्या लिहून भाव मिळतो काय? नाही मिळत. भावासाठी रस्त्यावर यावं लागतं ते लागतंच. पण रस्त्यावर आल्यावर चर्चेला बोलावतात, आणि चर्चेच्या टेबलावर समोरचा पहिला प्रश्न तोच विचारतो, जो त्या पोरानं विचारला. खर्च किती येतो? तिथं चार माणसांनी चार आकडे सांगितले, की आंदोलन संपलं समजा. हजारो माणसांचे फोड आलेले पाय त्या एका क्षणात वाया जातात.

तेव्हा आज घरी जाताना बाजारातून एक वही घ्या. फार महाग नाही. आज रात्री पहिल्या पानावर आजची तारीख टाका आणि या बैठकीला यायला झालेला खर्च लिहा, एसटीचं भाडं, चहा आणि बुडालेला दिवस. सुरुवात तिथून करू. पुढच्या मार्चमध्ये ती वही घेऊन इथंच भेटायचं आहे.